दोन हजारांच्या अलीकडे

हिशेबात मी चुकत नाही. हे मला स्वतःच्याच तोंडानं सांगावं लागतंय, कारण साऱ्या साताऱ्यात दुसरं कोणी ते सांगायला तयार नाही. पण खरं ते खरं! इन्कमटॅक्सची नोटीस आली की लोक दचकतात, अंथरूण धरतात, देव पाण्यात घालून बसतात. मी तसला नव्हे. नोटीस यायच्या आधी, कोणी विचारलेलं नसताना, आपल्या कराचा अंदाज आपणच काढून मोकळा होणारा मी माणूस! १९४० सालच्या मार्चमध्ये तो मी काढला. आणि तिथून पुढं दोन महिने मी जे धक्के खाल्ले, ते मेढ्याच्या घाटात बैलगाडीतसुद्धा कोणी खाल्ले नसतील.

आधी ओळख सांगतो. मी लालासाहेब, मूळचा कडेगावचा. घरचा ऊस थोरला भाऊ बघतो. शेतीच्या उत्पन्नाला इन्कमटॅक्स नाही, त्यामुळे तो रात्री घोरतो. मी मात्र साताऱ्यात एका कापडवाल्या शेठजींकडे दहा वर्षं कारकुनी केली आणि मग भवानी पेठेत स्वतःचं दुकान टाकलं. घोंगड्या, सतरंज्या, चादरी.

दुकानाला भांडवल कुठून आलं, ते सांगताना मान जरा खाली जाते. ते आलं आमच्या विजयमालेच्या हातांतून. तिच्या माहेरच्या पाटल्या होत्या, त्या सराफाकडे ऐंशी रुपयांवर गहाण पडल्या. "येत्या पाडव्याला सोडवतो" असं मी तिला म्हणालो होतो. तो पाडवा येऊन गेला. त्यानंतरचाही गेला. कोणी विचारलं की ती सांगायची, "पॉलिशला दिल्यात." एकदा तिची थोरली बहीण शालूबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "आगं, दोन वर्सं पॉलिश चाललंय? पाटल्यास्नी का राजवाड्याला?" तेव्हापासून विजयमाला चारचौघांत हात पदराखाली घेऊन बसते. ते बघितलं की मी दुसरीकडे बघतो. आणि आता त्याच शालूबाईच्या लेकीचं लग्न पाडव्यानंतर आठ दिवसांवर आलं होतं!

पण या वेळी मी तयारीत होतो. मुद्दल आणि व्याज मिळून चौऱ्याण्णव रुपये होत होते. ते मी लाल फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवले होते. बाकी पैसा सगळा मालात अडकलेला, पण हे चौऱ्याण्णव रोख! पाडव्याला तीन आठवडे होते. काही चुकायला जागाच नव्हती.

म्हणूनच तर अंदाज काढायची बुद्धी झाली.

आमचे शेठजी मार्च महिना लागला की जेवण कमी करायचे. वह्यांच्या ढिगात बसून मला सांगायचे, "लालासाहेब, कराची एक रेष असते. रेषेच्या अलीकडं राहिलास तर राजा. एक रुपया पलीकडं गेलास, की वाढीव दर त्या रुपयावर नाही, खालच्या सगळ्या रुपयांवर बसतो!" मी ते मंत्रासारखं पाठ केलं होतं. त्यात नवे दर वर्तमानपत्रात आले होते. त्यातलं अर्धं पान माझ्याकडे होतं. उरलेलं अर्धं शेजारच्या जोतीरामानं चिलीम पेटवायला फाडून नेलं होतं. हा जोतीराम म्हणजे शेजारचा गाडग्या-मडक्यांचा दुकानदार, आणि त्याच्या कानात पडलेली गोष्ट पेठेत पोचायला दवंडी लागत नाही. माझ्या अर्ध्या पानावर स्पष्ट छापलं होतं: उत्पन्न दोन हजारांपर्यंत असेल तर कर नाही. त्यावर रुपयाला नऊ पै, म्हणजे पाऊण आणा. पाच हजारांवर सव्वा आणा. दहा हजारांवर दोन आणे. एवढं पुरेसं होतं! उरलेल्या पानात काय असणार? सोन्याचा भाव आणि केसांच्या तेलाची जाहिरात.

मी वर्षभराचा नफा मांडला. एक हजार नऊशे बासष्ट!

"विजयमाला!" मी ओरडलो. "दोन हजाराच्या अलीकडं! अडतीस रुपयं अलीकडं!"

ती भाकरीचा हात पुसत आली. "म्हंजे काय हुतं?"

"म्हंजे कर न्हाई! दोन हजार एक झालं असतं, तर दोन हजार एकाच्या दोन हजार एक रुपयांवर नऊ पै! किती हुतात ठावं हाय? त्र्याण्णव रुपयं, बारा आणं, नऊ पै!"

तिचा चेहरा उतरला. "आवं, म्हंजे माझ्या पाटल्याच की!"

"तंतोतंत पाटल्या! पण भ्यायचं न्हाई. मार्च सरत आला. उन्हाळ्यात घोंगडी कोण घेतंय?"

हे वाक्य मी दुपारी बोललो. चार वाजता पुण्याहून पत्र आलं. लष्कराला माल पुरवणाऱ्या एका ठेकेदाराला मार्च सरायच्या आत साठ घोंगड्या हव्या होत्या. लढाई सुरू होऊन सात महिने झाले होते, पण ती माझ्या दुकानापर्यंत येईल असं मला वाटलं नव्हतं. नगामागे बारा आणे नफा. साठ नगांचे पंचेचाळीस रुपये. एक हजार नऊशे बासष्ट आणि पंचेचाळीस...

दोन हजार सात! मी ओट्यावर मटकन बसलो. व्यापारी नफ्याच्या बातमीनं असा पांढराफटक पडलेला पेठेनं कधी पाहिला नव्हता. जोतीराम पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला.

"कोन गेलं रं?"

"कुनी न्हाई. ऑर्डर आली."

ते ऐकून तांब्यातलं अर्धं पाणी तो स्वतःच प्याला.

ऑर्डर नाकारावी, तर तेही जमेना. जतकडून बिराप्पा माल घेऊन निघाला होता. हा बिराप्पा म्हणजे साठीचा धनगर. त्याच्या तळावरची माणसं मेंढरं राखतात आणि घोंगड्या विणतात. सगळ्यांचा माल तो मिरजेपर्यंत गाडीनं आणि पुढं रेल्वेनं माझ्याकडे आणतो. शब्दाचा माणूस. त्याला परत कसं पाठवणार? पण मग डोक्यात लख्ख उजेड पडला. नफा जास्त होतोय ना? मग खरेदी महाग करायची! बिराप्पाला भाव वाढवून दिला की नफा आपोआप कमी!

बिराप्पा दुसऱ्या दिवशी आला. घोंगड्यांचे गठ्ठे उतरवून ओट्यावर टेकला.

"बिराप्पा," मी म्हणालो, "या मालाला नगामागं चार आणं जादा."

"जादा म्हंजे? मी द्याचं?"

"तुमी न्हाई. मी देनार."

बिराप्पानं पटका काढून डोकं खाजवलं. मग मी दिलेला एकेक रुपया पायरीच्या दगडावर आपटून वाजवला. मग दातानं चावला. "नाणं तर खरं हाय," तो म्हणाला. "मालक, सांगलीचं व्यापारी एक पै वाढवायला चार खेपा करायला लावत्यात. आन तुमी आपनहून चार आणं? घरात समदी बरी हायती न्हवं?"

"सगळी बरी हायत."

"बगा हां. आमच्यात एक रीत हाय. भाव वाढवला तर समद्यांचा सारका वाढवायचा. आन एकदा चढलेला भाव उतरवायचा न्हाई. बिरोबा कोपतोय."

"न्हाई उतरवत!" मी म्हणालो. मंडळी, हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

साठ नग पुण्याला रवाना केले आणि नफ्यातले पंधरा रुपये कमी झाले. एक हजार नऊशे ब्याण्णव. पण आठ रुपयांची फट म्हणजे काही फट नव्हे. म्हणून मी दुकानाला चुना मारून घेतला, आणि रंगाऱ्याकडून नवी पाटी करून घेतली. खर्च अकरा रुपये. एक हजार नऊशे एक्याऐंशी. मी निवांत झालो.

जोतीराम मात्र निवांत नव्हता. मी म्हणजे पोस्टकार्डाच्या कडेला उरलेल्या जागेतसुद्धा हिशेब लिहिणारा माणूस. तो धनगराला आपणहून भाव वाढवून देतो आणि पाटी रंगवतो? त्यानं मला कोपऱ्यात गाठलं.

"खरं सांग गड्या. काय चाललंय?"

आता आपलं उत्पन्न जोतीरामाला सांगायचं म्हणजे ते चौकात फळ्यावर लिहिण्यासारखंच. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "काय न्हाई रं. एकतीस तारखेच्या आत सगळं उरकायला पायजे. म्होरं लय अवघड हाय."

झालं! जोतीरामानं आपल्या मनाशी जे जुळवलं, ते संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला माहीत झालं. लालासाहेबाला पुण्याहून लष्करी पत्र आलंय. एक एप्रिलपासून सरकार देशातली सगळी लोकर पलटणीसाठी उचलणार. घोंगडी औषधाला मिळायची नाही. नाहीतर तो चिंगूस माणूस धनगराला चार आणे जादा देईल का?

सकाळी फळी काढली, तर दारात माणसं! बाहेर ऊन असं की कावळा सावली सोडत नव्हता, आणि लोक घोंगडीसाठी एकमेकांना कोपरानं ढोसत होते.

"लालासाहेब, दोन द्या!"

"मला चार. पोरगं पलटणीत हाय."

"आवं, पर आता उन्हाळा हाय!" मी गयावया केली.

"हिवाळा येनार न्हाई व्हय?" एक म्हातारी म्हणाली.

दुपारपर्यंत चोवीस घोंगड्या गेल्या. नगामागे आठ आणे नफा, म्हणजे बारा रुपये. एक हजार नऊशे त्र्याण्णव! गल्ल्यात रुपया पडला की माझ्या काळजात खड्डा पडत होता. एका गिऱ्हाइकाचा तर मी हात धरला. "परवा या की. सोमवारी. एक तारखेला या, कुणाच्या पाया पडू?"

"बघितलंत?" तो मागच्यांना म्हणाला. "एक तारखेला महाग इकनार हाय ह्यो!"

मग मी सरळ फळ्या लावून घेतल्या आणि आत सतरंज्यांच्या मागं जाऊन बसलो. हा माझ्या मते शहाणपणा होता. पण लढाईच्या दिवसांत दुकानात माल असून दार लावणं याला लोक वेगळं नाव देतात. तासाभरानं फळीवर दंडुका वाजला.

"दार उघडा! आकाराम जमादार!"

मी फळी काढली. पेठेतले आकाराम जमादार म्हणजे मिशीचा पीळ मोजून घ्यावा असे गृहस्थ. त्यांनी आत येऊन सतरंज्या उचलल्या. मागं सोळा घोंगड्या निघाल्या. बाहेरून सगळी पेठ "हाऽऽ!" म्हणाली.

"माल दडवताय? तुमच्यासारख्या जुन्या माणसानं?"

"दडवत न्हाई जमादार! मला नफा नको हाय!"

जमादारांनी टोपी मागं सारून मला नीट न्याहाळलं. तीस वर्षांच्या नोकरीत असा जबाब त्यांनी घेतला नव्हता. "नफा नको?"

"देवाशप्पथ नको! एकतीस तारखेपातुर तर आजाबात नको!"

"ह्येला पाणी द्या," जमादार म्हणाले. "आन घोंगड्या हितं माझ्यासमोर, रोजच्या भावानं इका. नगाला एक."

स्वतः उभे राहून त्यांनी त्या सोळाच्या सोळा खपवल्या. शेवटची त्यांनीच घेतली. रोख दिले. मी म्हणालो, "जमादार, तुमच्याकडून पैसं कसं घिऊ?" ते म्हणाले, "फुकट घ्यायला मी कोन वाटलो?" सगळ्या साताऱ्यात त्या दिवशी फुकट घेणारा एक माणूस मला मिळू नये!

सोळा नगांचे आठ रुपये.

एक हजार नऊशे त्र्याण्णव आणि आठ. तुम्हीच करा बेरीज. मी तीन वेळा केली, उलटी केली, विजयमालेकडून करून घेतली.

दोन हजार एक!

"एकाच रुपयानं?" ती हळूच म्हणाली. आणि मग नुसते आपले मोकळे हात बघत बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

एकतीस मार्चला सकाळी, साताऱ्यातली आपली कामं उरकून, बिराप्पा परत जायच्या आधी राम राम करायला आला. त्याला बघून मला वाटलं, देव पावला! एकच दिवस होता, पण होता.

"बिराप्पा, हे पाच रुपयं घ्या. मागच्या मालाची वाढ."

"कुठल्या मालाची?"

"वर्सभराच्या."

त्यानं नोट हातात घेतली नाही. "मालक, रीत सांगिटली हुती की तुमास्नी. वाढ नगामागं आस्तीया, समद्यांस्नी सारकी. वर्सात साडेसातशे नग दिलं. पाच रुपयं कसं वाटू मी? नगामागं पैसासुदिक येत न्हाई. आन्याच्या खाली वाढ म्हंजे भीक."

साडेसातशे आणे! सेहेचाळीस रुपये चौदा आणे! पण हिशेबात मी चुकत नाही. सत्तेचाळीस घालवून चौऱ्याण्णव वाचतात, म्हणजे निम्मा फायदाच! मी घरात गेलो, तांदळाच्या डब्यातलं लाल फडकं सोडलं, सेहेचाळीस रुपये चौदा आणे काढून बिराप्पाच्या ओंजळीत घातले, वहीत त्याचा अंगठा घेतला आणि तारीख टाकली. एक हजार नऊशे चोपन्न रुपये दोन आणे. वही मिटली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा दुपारी गाढ झोपलो.

संध्याकाळी उठल्यावर विजयमालेला समजावलं.

"फडक्यात आता सत्तेचाळीस रुपयं, दोन आणं हायत. म्हंजे सराफाला इनवून एक पाटली सोडवता यील."

"एक?"

"सध्या एक."

"एका हातात पाटली," ती म्हणाली, "आन दुसऱ्या हातात काय घालू? तुमची वही?"

मी वही उशाखाली सारली. पण नवल म्हणजे तिनं वाद वाढवला नाही. उलट चहा दिला, आणि त्यात साखर जरा जास्तच होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पाडव्याची सकाळ. मी न्हाऊन, टोपी घालून, सराफाकडे निघायचं म्हणून तांदळाच्या डब्यात हात घातला. तांदूळ! आणखी खाली घातला. तांदूळच! डबा पालथा केला. सगळ्या घरभर तांदूळ, आणि लाल फडक्याचा पत्ता नाही.

"चोरी!" मी अंगणात धावत आलो. "विजयमाला, चोरी झाली! पैसं गेलं! जमादारांना बोलवा!"

विजयमाला गुढीला साडी बांधत होती. ओरडू नका अशी खूण करायला तिनं हात वर केला, आणि खणकन आवाज झाला. दोन्ही हातांत पाटल्या! सकाळच्या उन्हात अशा चमकल्या की मी डोळेच चोळले.

"ह्या... ह्या कुठल्या?"

"माझ्याच. पॉलिश झालं त्येंचं," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मंडळी, मी हबकलो होतो, पण खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांनी त्या हातांकडे सरळ बघता आलं.

मग तिनं सांगितलं. मी वही मिटून झोपलो होतो, तेव्हा बिराप्पा मागच्या दारानं आला. सेहेचाळीस रुपये चौदा आणे उंबऱ्यावर ठेवले आणि म्हणाला, "आक्का, मालकाचं डोस्कं जाग्यावर न्हाई. हे पैसं कष्टाचं न्हवंत. बिनकष्टाचा पैसा तळावर न्हेला तर मेंढरास्नी रोग यील. तुमी ठिवा, आन मालकाला एकदा कुनाला तरी दाखवा." त्यात फडक्यातले सत्तेचाळीस रुपये दोन आणे घातले, की बरोबर चौऱ्याण्णव! ती दुसऱ्या दिवशी स्वतः सराफाकडे जाऊन आली होती.

"वा गं वा!" मी म्हणालो, आणि मग एकदम थांबलो. "बिराप्पानं पैसं परत दिलं ते कवा?"

"सांगिटलं न्हवं? तुमी झोपला हुता तवा."

"तारीख! तारीख काय हुती?"

"एकतीस मार्च."

मी हात जोडले. "एक एप्रिल म्हण की!"

"का म्हणू? त्यानं एकतीसला दिलं."

"आगं, एकतीसला परत दिलं म्हंजे त्या सालात मी ते दिलंच न्हाई! म्हंजे परत दोन हजार एक! म्हंजे परत त्र्याण्णव रुपयं, बारा आणं, नऊ पै! कुनाला काय कळतंय? एक तारीख म्हण!"

तिनं घरातून दुधाच्या रतिबाची वही आणून माझ्यापुढं धरली. त्यात बिराप्पाचा अंगठा होता, खाली तारीख होती, वेळसुद्धा होती. "तुमीच शिकिवलं हुतं," ती म्हणाली, "पैसा हातात आला की अंगठा आन तारीख घ्याची. आन हिशेबात लबाडी करायची न्हाई."

दहा वर्षं मी तिला हे शिकवत होतो. शिकायची तिनं हीच वेळ निवडली!

मी वही उघडली आणि खरी नोंद केली. दोन हजार एक.

शालूबाईच्या लेकीचं लग्न झालं. लग्नघरी विजयमाला दोन्ही हात पदराबाहेर काढून मिरवली. वाढायला तीच, ओवाळायला तीच. आणि मी मांडवाच्या खांबाला टेकून त्या पाटल्यांकडे, चार दिवसांची पाहुणी मुलगी सासरी परतताना तिच्याकडे बघावं, तसा बघत होतो. साताऱ्याला परतल्यावर विजयमालेनं आपणच त्या काढल्या, रुमालात गुंडाळल्या आणि म्हणाली, "चला. सरकारचं देऊन टाकू. पैसं न्हाईत, तर हे घ्या म्हनावं." रुमालाची गाठ तिनं दोनदा मारली. मला त्या क्षणी शेठजींची, बिराप्पाची, लढाईची, सगळ्यांची चीड आली.

इन्कमटॅक्सच्या कचेरीतले साहेब चष्मा लावून काही लिहीत होते. मी विवरणाचा कागद पुढं केला आणि तो त्यांनी वाचायच्या आत रुमाल टेबलावर सोडला.

"साहेब, हे आधी ठेवून घ्या."

साहेब खुर्चीतून उडालेच! "शिपाई! दार उघडं ठेव! सगळी दारं उघडी ठेव! अहो, तुम्ही भर कचेरीत, भर दुपारी, सोनं देता मला? लाच?"

"लाच न्हाई साहेब! कर हाय!"

"पाटल्या?"

"त्र्याण्णव रुपये, बारा आणे, नऊ पै. चूक झाली. एका रुपयानं रेष ओलांडली."

साहेबांनी आधी विजयमालेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कागदाकडे. लांबच्या लांब श्वास सोडून ते बसले. "हा हिशेब कुणी केला?"

"मीच. हिशेबात मी..."

"जुना नियम आहे तुमच्या डोक्यात. पूर्वी माणूस पायरी चढला, की त्याचे सगळे रुपये वरच्या पायरीवर मोजायचे. गेल्या सालापासून ते बदललं. आता ज्याची त्याची पायरी. पहिल्या दीड हजारावर काही नाही. उरलेल्या पाचशे एक रुपयांवर नऊ पै. झाले तेवीस रुपये, सात आणे, नऊ पै. पाच हजारांच्या वर गेलात, तरी सव्वा आणा फक्त वरच्या रुपयांवर. सगळं छापून आलं होतं पेपरात. खालच्या अर्ध्या पानावर."

खालचं अर्धं पान! मला जोतीरामाची चिलीम डोळ्यांपुढं दिसली.

"तेवीस?" विजयमाला पुढं सरकली. "पाटल्या ऱ्हातील मग?"

"थांबा बाई," साहेब म्हणाले. "अजून एक आहे. दोन हजारांची हद्द थोडक्यात ओलांडली असेल, तर ओलांडलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त कर घ्यायचा नाही. तुम्ही किती ओलांडली?"

"एक रुपया," मी म्हणालो.

"मग कर आठ आणे."

मी टेबलाची कड धरली. आठ आणे! आठ आण्यांसाठी मी भर उन्हाळ्यात दुकानाला चुना मारला! आठ आण्यांसाठी सतरंज्यांच्या मागं बसलो! जमादारांपुढं शपथा घेतल्या! पंधरा आणि अकरा, असे सव्वीस रुपये आपल्या हातानं उधळले! मला भोवळ आली. शिपायानं पाणी आणलं. त्या दोन महिन्यांत लोकांनी मला पाजलेलं पाणी मोजलं, तर एक आड आटला असता.

विजयमालेनं कनवटीला हात घातला, एक अधेली काढून टेबलावर ठेवली, आणि रुमालातल्या पाटल्या तिथंच साहेबांसमोर हातांत चढवल्या. "पावती द्या," ती म्हणाली. "तारीख घालून."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पावसाळा सरता सरता बिराप्पा दोनशे घोंगड्या घेऊन आला आणि नगामागे चार आणे जादा मागू लागला.

"आवं बिराप्पा, वाढ तर तुमी परत दिली हुती की!"

"ती मागल्या मालाची, बिनकष्टाची," तो शांतपणे म्हणाला. "ही म्होरची, कष्टाची. चढलेला भाव उतरवायचा न्हाई, म्हनला हुता तुमी." विजयमाला दारात उभी होती. तिनं मान हलवली. बिराप्पाच्या बाजूनं! हल्ली दुकानाची वहीही तिच्याकडेच असते.

वर्षाला आठशे नग, नगामागे चार आणे. दोनशे रुपये गेले. दर वर्षाचे.

पुढच्या मार्चमध्ये मी पुन्हा अंदाज काढला. एक हजार आठशे अकरा! दोन हजारांच्या पुष्कळ अलीकडे. कर शून्य! मी छाती काढून म्हणालो, "बघितलंस? हिशेबात मी चुकत न्हाई. शेठजी म्हणायचे, रेषेच्या अलीकडं ऱ्हाईल त्यो राजा!"

विजयमालेनं वही मिटली आणि पाटल्या मनगटावर मागं सारल्या.

"राजं," ती म्हणाली, "घरात साखर न्हाई. जोतीरामभावजींकडनं उसनी मिळती का बगा."